रिलीव्हर आला नव्हता, ताई

सुधाताई, शिफ्ट संपली म्हणून कोणी जागा सोडत नाही, पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला की सोडतो, हे तू मला जन्मभर ऐकवलंस. आणि मंगळवारी सकाळी स्वतः मात्र कोणाची वाट न बघता निघून गेलीस. काल रविवारी तुझी शोकसभा झाली. आज तुझ्याच व्हरांड्यात, तुझ्याच त्या एका बाजूला कललेल्या खुर्चीत बसून लिहितोय, कारण तुझ्याशी भांडायला दुसरी जागा मला ठाऊक नाही.

आपण एकाच स्ट्रीटवर वाढलो. तुझे बाबा आणि माझे बाबा दोघंही भंडाऱ्याकडची शेती भावांच्या हवाली करून इथं हिंदी मुलखात, पोलाद कारखान्याच्या भट्टीवर आले होते. तू मोठी, म्हणून ताई. पण लाड करणारी नव्हे, कान पिळणारी. पुढं तू कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला आणि तेच यंत्राला कसं शिकवायचं ते शोधायला लागलीस आणि मी प्लांटच्या कॉम्प्युटर विभागात चिकटलो. लग्नाच्या पंगतीत कोणी ‘तुम्ही नेमकं करता काय?’ असं विचारलं की आपण दोघंही पाण्याचा ग्लास उचलायचो.

तू नेमकं करतेस काय, हे मला पहिल्यांदा समजलं ते तुझ्या रिलीव्हरमुळे. यंत्र विचार करतं म्हणजे काय, असं मी विचारलं होतं. खरं तर तुझी फिरकी घ्यायला विचारलं होतं. तू शेंगा सोलत होतीस.

“हे पाय अरुण्या,” तू म्हणालीस, “शिफ्ट संपली का माणूस घरी जाते. हा झाला नियम. पण रिलीव्हर नाई आला त जात नाई. हा अपवाद. आन् घरून कोनी दगावल्याची खबर आली, त फोरमन सोता त्याच्या जागेवर उभा राह्यते आन् त्याले सोडते. हा अपवादाचा अपवाद. मशीनले एवढंच शिकवाचं आहे. उलटं कळत नाई तवरिक नियम खरा. उलटं कळलं का मांगं घ्याचा, लाजाचं नाई.”

“माणसं असंच करतात की.”

“मानसं लाजतेत,” तू म्हणालीस आणि शेंगांची टरफलं माझ्या हातात दिलीस. “मनून मले मशीनकडून आशा आहे.”

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं आणि ते कधी संपलंच नाही. तुझं म्हणणं, यंत्राला नियम लिहून द्या, ते त्यावरून अनुमान काढेल आणि चुकलं तर कुठं चुकलं ते तरी सापडेल. माझं म्हणणं, जगात सगळं लिहून देता येत नाही. यंत्राला हजार उदाहरणं दाखवा, ते आपोआप शिकेल, लेकरं शिकतात तसं. तू म्हणायचीस, लेकरं आपोआप शिकतात म्हणूनच तर शिव्या आधी शिकतात.

पावर हाउसच्या बाजारातला तो टरबूजवाला आठवतो? मी म्हटलं, हा बघ, हा टरबूज नुसतं वाजवतो आणि पिकलंय की नाही ते सांगतो. याला कुठं नियम माहीत आहे? हा शिकलाय. तू सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिलीस. “भैया, कैसे पहचानते हो?” तो बिचारा म्हणाला, “दीदी, आवाज भद्द आया तो पका, टन्न आया तो कच्चा।” तुझा चेहरा असा खुलला की जणू तुझं टरबूज आधीच गोड निघालं. “सांगतला ना नियम? सांगतला का नाई?” वाटभर तेच. घरी येऊन कापलं तर आत पांढरंफटक. मी हसून हसून ओट्याला धरून उभा होतो. तू मात्र ती पांढरी फोड मीठ लावून खाल्लीस आणि म्हणालीस, “नियम बरोबर आहे. टरबूज अपवाद आहे.”

मला तुझा खूप राग यायचा, ताई. आणि तुझ्याकडे आल्याशिवाय माझा रविवार जायचा नाही.

मग आपल्या मराठी मंडळाच्या हॉलचं प्रकरण आलं. आपलं मंडळ ते काय, एक हॉल, एक स्वयंपाकघर, मागं गुलमोहराचं अंगण. पण तो हॉल कोणाला द्यायचा यावरून जेवढी तोंडं वाकडी झाली तेवढी भाऊबंदकीत होत नाहीत. मी सचिव, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खायला नेमलेला माणूस. मी सुचवलं, जुने सगळे अर्ज आणि त्यांवरचे निर्णय यंत्राला देऊ, ते शिकेल आणि पुढचे निर्णय तेच सांगेल, म्हणजे माझी सुटका. तू म्हणालीस, शिकू दे. पण जे शिकलं ते आधी साध्या मराठीत, एका वाक्यात सांगितलं पाहिजे. ते वाक्य सभेत वाचायचं. सभेनं मान्य केलं तरच तो नियम.

म्हणजे शिकणं माझं आणि नियम तुझा. आपल्या आयुष्यातला हा एकमेव तह, आणि तो प्रोग्राम आपण दोघांनी याच व्हरांड्यात बसून बांधला. मी टाइप करायचो, तू माझ्या मागं उभी राहून चुका काढायचीस.

यंत्र शिकलं. बरीचशी वाक्यं साधी निघाली. लग्नाला आधी, वाढदिवसाला नंतर. गणपतीत कोणालाच नाही. आणि मग एक वाक्य आलं, ते वाचून मी म्हटलं, ताई, हे काढून टाकू. तू म्हणालीस, हेच तर वाचायचं आहे. तू सभेत उभी राहिलीस, चष्मा लावलास आणि वाचलंस: “अर्जदार जामुलचा किंवा अहिवाऱ्याचा असेल, आणि कार्यकारिणीत त्याच्या ओळखीचं कोणी नसेल, तर हॉल देऊ नये.”

सिमेंटच्या कारखान्यात, चुनखडीच्या खाणीत राबणारी आपलीच माणसं ती, आपल्यासारखीच भंडारा-गोंदियाकडून आलेली. फक्त प्लांटच्या सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालेली नाहीत, एवढाच फरक. आपले अध्यक्ष मानकरकाका लालबुंद झाले. “हे आमी कवा लिवलं?”

“लिवलं नाई काका,” तू म्हणालीस, “केलं. मशीन तुमचं पाहून शिकलं.”

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण असं नियमासारखं वाचून दाखवलं की ऐकवत नाही. मग मानकरकाकांनीच हात वर करून तो नियम रद्द करायला मत दिलं आणि मागोमाग सगळ्यांनी. परत येताना तू मला म्हणालीस, “लिवलेल्या नियमाशी भांडता येते रे. न लिवलेल्याशी कसं भांडशील? तो त घरातल्या वासासारखा रायते, घरच्याइले येतच नाई.” यंत्र शिकल्यामुळेच तो वास सापडला, हे तू त्या दिवशी कबूल केलं नाहीस. मीही आग्रह धरला नाही. मला वाटलं, कबूल करायला अजून पुष्कळ रविवार आहेत.

त्या प्रोग्राममध्ये एक बटण आहे. यंत्र हो म्हणो की नाही म्हणो, बटण दाबलं की त्यानं कारण सांगायचं, आधाराला कोणता नियम घेतला तो दाखवायचा. मी त्याला ‘स्पष्टीकरण’ असं नाव दिलं होतं. तू ते खोडायला लावलंस. “घरी कोनी स्पष्टीकरण मांगते का? ‘कावून?’ लिव.” म्हणून त्यावर पुस्तकी ‘का?’ सुद्धा नाही, ‘कावून?’ लिहिलंय. उद्या दवाखान्यात, पेन्शनच्या खिडकीवर, रेशनच्या दुकानात यंत्रच हो किंवा नाही म्हणेल. तेव्हा तिथं हे बटण असलं पाहिजे, असं तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस. मंडळात पोरं हिंदी बोलतात, पण ‘कावून’ त्यांना येतं. तेवढं मराठी तू त्यांच्याकडून पक्कं करून घेतलंस.

आणि मग तुझा तो शेवटचा नियम, ज्यावरून आपण महिनाभर भांडलो. आधी ठरलेलं कार्य नंतर आलेल्या कार्यासाठी हलवू नये, अर्जदार कोणीही असो. इथपर्यंत माझी ना नव्हती. कोणी आपणहून हॉल सोडला तर सोडू द्यावा, हेही ठीक. पण तू पुढं जोडलंस: मंडळानं मात्र ‘सोडता का?’ असं विचारू नये. मी चिडलो. विचारायला काय जातं? समोरचा नाही म्हणू शकतो की.

“नाई मनू शकत,” तू म्हणालीस. “मोठ्यानं इचारलं का लहानाले नाई मनता येत नाई. ते इचारनं नसते, हुकूम असते.”

“ताई, प्रत्येक गोष्टीला नियम नसतो. काही गोष्टी माणसाला समोर गेल्यावर कळतात.”

“कळल्यावर लिवाले काय होते?”

हे भांडण तिथंच राहिलं. तू दवाखान्यात गेलीस तेव्हाही तोंड चालूच होतं. मी आणि मानकरकाका दोघंही आत होतो, तर सिस्टर म्हणाली, एकावेळी एकच जण भेटेल, नियम आहे. मला वाटलं, आता तू भांडणार. तू तिला नुसतं “कावून?” असं गोड विचारलंस, ती हसली आणि म्हणाली, “आंटी, आपको आराम मिले इसलिए।” तू लगेच माझ्याकडे वळून म्हणालीस, “बरोबर आहे. जाय तू बाहेर.” हे तुझं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य, ताई. लोकांच्या वाट्याला आशीर्वाद येतात. माझ्या वाट्याला हे आलं, आणि खरं सांगतो, ते मी कोणाच्या आशीर्वादाशी बदलणार नाही.

तू गेलीस. संध्याकाळी कार्यकारिणी जमली. तुझी शोकसभा रविवारी हॉलमध्येच व्हायची, यावर कोणाचं दुमत नव्हतं. मी अर्ज भरला. यंत्र म्हणालं, नाही. ‘कावून?’ दाबलं. रविवारी जामुलच्या ढोमण्यांकडे डोहाळजेवण आहे, हॉल आधीच दिला आहे. आधी ठरलेलं कार्य नंतर आलेल्या कार्यासाठी हलवू नये, अर्जदार कोणीही असो. ‘अर्जदार कोणीही असो’ हे शब्द तूच माझ्याकडून टाइप करून घेतले होतेस. तुझ्याच हॉलमधून तुला तूच बाहेर काढलंस.

खाली अपवादाचा रकाना असतो, त्यात कारण लिहावं लागतं, आणि ते कारण सगळ्या सभासदांना दिसतं. मी लिहिलं, ‘सुधाताई आमच्या होत्या.’ लिहून बघत बसलो. तुझा आवाज अगदी खांद्यामागून आल्यासारखा वाटला: ‘आन् ढोमण्याची पोरगी कोनाची आहे?’ मी ते खोडलं. दुसरं काही सुचलं नाही. मानकरकाका म्हणाले, “अरे, तू जामुलला जाय ना. त्याइले नुसतं इचारून त पाय. सुधीसाठी कोन नाई मनन?” नियमाची आठवण मी करून दिली. ते म्हणाले, “नियम तिचा, आन् गेली बी तेच. आता कोन रागावते?” त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

दुसऱ्या दिवशी मी पावर हाउसहून जामुलची बस धरली. आणि ताई, तुझा शिष्य म्हणून सांगतो, बसमध्ये मी पळवाट शोधून काढली. नियमात ‘विचारू नये’ आहे. ‘सांगू नये’ कुठं आहे? मी विचारणार नव्हतोच. मी फक्त सांगणार होतो की सुधाताई गेल्या, रविवारी शोकसभा आहे, जागा बघतोय. बाकी ढोमणे शहाणे आहेत. ते आपणहून म्हणतील, घ्या साहेब हॉल. नियमाला कुठं ओरखडाही नाही. तू असतीस तर या चलाखीवर आधी खूश झाली असतीस आणि मग कान पिळला असतास.

ढोमण्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं छप्पर. छपराखाली पल्लवी, त्यांची मुलगी, पाय पसरून बसली होती. तिची आई हिरव्या साडीला फॉल लावत होती. खाटेवर फुलांचे दागिने मांडून ठेवलेले, आधी करून बघितलेले, कागदी. मला बघून पल्लवी उठायला लागली. “अंकल, चाय लेंगे ना?” मी म्हटलं, बस, बस. ढोमणे आतून बनियनवर शर्ट चढवत, बटणं लावत आले, आणि मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, “सायेब, काही गडबड त नाई ना? हॉल भेटते ना?”

पहिला अर्ज आपण नाकारला होता त्यांचा, मोठ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी. त्या न लिहिलेल्या नियमाखाली. मला आठवलं. त्यांना तर आठवतच होतं.

आई साडीवरून मान वर न करता म्हणाली, “पल्लवीचं पह्यल्या खेपेले इथवर आलंच नव्हतं जी. मनून घाई केली. पुढच्या रविवारी आठवा महिना लागते.” आणि दात लावून दोरा तोडला.

माझं वाक्य तयार होतं. नियमात बसणारं, स्वच्छ. मी म्हटलं, “खुर्च्या किती लागतील ते विचारायला आलो होतो.”

ढोमण्यांचा बटणावर थांबलेला हात पुन्हा चालू लागला. मग मी चहा घेतला, चिवडाही खाल्ला, पल्लवीला म्हटलं सांभाळून राहा, आणि बस पकडून परत आलो. मानकरकाकांना सांगितलं, आपण मागच्या अंगणात बसू. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सतरंज्या मोजायला घेतल्या.

तर काल असं झालं. गुलमोहराखाली सतरंज्या, तुझा फोटो, फोटोला हार. हॉलमध्ये डोहाळजेवण. लोक तुझ्याबद्दल बोलले. बरंचसं खोटं बोलले. तू प्रेमळ होतीस, मृदू होतीस वगैरे. मग श्रद्धांजलीला उभे राहिलो, आणि नेमकी तेव्हाच आत बायकांनी डोहाळ्याची गाणी सुरू केली, टाळ्यांसकट. मानकरकाका डोळे मिटूनच माझ्या कानाशी म्हणाले, “बंद कराले सांग ना रे.” आणि लगेच, “नाई, राहू दे. सुधीले आवडलं असतं.” आम्ही सगळे खाली मान घालून उभे आणि आत कोणीतरी आंबट-गोड काय हवं ते पल्लवीला गाण्यातून विचारतंय. मला रडूही येत होतं आणि हसूही. तू असतीस तर म्हणाली असतीस, एक कर काहीतरी.

सभा संपताना ढोमणे पाण्याचा जग घेऊन मागच्या दारानं बाहेर आले. फोटो बघितला. चपला तिथंच सोडल्या, येऊन उभे राहिले. तुला ते ओळखत होते. सभेत ते वाक्य तू वाचलंस त्यानंतर त्यांनी पहिल्यांदा परत अर्ज केला होता. मग ते माझ्याकडे वळले.

“कावून नाई सांगतलं सायेब?”

यंत्राला विचारलं असतं तर त्यानं तुझा नियम दाखवला असता. पण नियमानं मला अडवलं नव्हतं, ताई. नियमात मला सांगायला पूर्ण मोकळीक होती, मी ती बसमध्ये तपासून पाहिली होती. मी सांगितलं नाही ते त्या माणसाचा शर्टाच्या बटणांवर अडकलेला हात बघून. ते मला आधी माहीत नव्हतं. तिथं गेल्यावर कळलं. मी ढोमण्यांच्या हातातला जग घेतला. ते आत गेले आणि तुझ्या फोटोपुढं ठेवायला पल्लवीच्या ताटातली एक करंजी घेऊन आले.

म्हणजे मी शिकलो, ताई. नियम न लिहिता, समोर जाऊन, माणूस बघून. इतकी वर्षं मी हेच तर म्हणत होतो. तू असतीस तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाली असतीस, “कळलं ना? मंग लिव. ‘इचारू नये’च्या पुढं ‘सुचवू बी नये’.” मी म्हणालो असतो, हे लिहून कळत नाही. तू म्हणाली असतीस, तुझ्यानंतर जो सचिव होईल त्याला कसं कळेल? त्याला कोण जामुलला नेईल? आणि मी मुकाट्यानं टाइप करायला बसलो असतो. मघाशी मी प्रोग्राम उघडून ती ओळ लिहिली. पुढच्या सभेत वाचेन. सभा मान्य करेल असं वाटतं.

आता तुझ्या जागेवर मी आहे. मला रिलीव्हर म्हणू नकोस, रिलीव्हरला काम येत असतं. पण जागा रिकामी ठेवायची नसते, एवढं मला शिकवलेलं आहे.

आणि ते भांडण मी जिंकलो, बरं का. लिहिल्याशिवायही शिकता येतं, माझ्याकडं पुरावा आहे, साक्षीदार आहे. तुझ्या या कललेल्या खुर्चीत बसून मी हे मोठ्यानं म्हणून पाहिलं. समोरून कोणी ‘कावून?’ विचारलं नाही. असं जिंकणं मला नको आहे, ताई. ये आणि खोडून काढ.